चांदा जेव्हा बेटावर होता

भामरागडच्या पर्लकोटेला पूर आला की काय होतं, ते तुम्ही दर पावसाळ्यात ऐकता. पुलावरून पाणी जातं, आलापल्लीकडचा रस्ता बंद होतो आणि पर्लकोटा, पामुलगौतम, इंद्रावती या तीन नद्यांच्या कुशीतलं ते गाव एकटं पडतं. लोक म्हणतात, भामरागड बेट झालं. पाणी ओसरलं की बेट मोडतं, एसटी सुरू होते.

मी ज्या बेटाची गोष्ट सांगणार आहे, ते असं लवकर मोडलं नाही. जवळजवळ चार कोटी वर्षं ते समुद्रात होतं आणि सगळा वेळ चालत होतं. त्या बेटावर आपला चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, होता, वरोरा होता, सिरोंचा होता. म्हणजे ही गावं नव्हती, माणूसच नव्हता. पण ही जमीन होती. ज्या मातीवर आपण पऱ्हे टाकतो, तिच्या खालची जमीन.

"आबाजी, खरं सांगता की गोष्ट?" धाकटीनं विचारलंच. खरं सांगतो, बेटा. पण त्याआधी एक खोटं बेट सांगावं लागेल, कारण शहाण्या माणसांना खोटं आधी सापडलं आणि खरं मागाहून.

लेमूर नावाचा एक प्राणी आहे. गोल डोळ्यांचा, लांब शेपटीचा, माकडांचा लांबचा भाऊबंद. तो राहतो मादागास्करात, आफ्रिकेच्या बाजूच्या मोठ्या बेटावर. त्याचा चुलतभाऊ लोरिस सापडतो आपल्या दक्षिणेतल्या जंगलात आणि श्रीलंकेत. मधे अख्खा हिंदी महासागर. फिलिप स्क्लेटर नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाला हे कोडं सुटेना. पोहून तर कोणी आलं नसणार. मग १८६४ मध्ये त्यानं लिहिलं की, मादागास्कर आणि हिंदुस्थानच्या मधे पूर्वी एक मोठा भूभाग असला पाहिजे आणि तो समुद्रात बुडाला असला पाहिजे. लेमूरवरून त्यानं त्याचं नाव ठेवलं लेमुरिया. पुढे लोकांनी त्याचे नकाशे काढले, तिथे माणसं वसवली, राज्यं वसवली. लेमुरिया कधी नव्हताच. पण स्क्लेटरला मी खुळा म्हणणार नाही. त्याचा प्रश्न पक्का होता. दोन दूरच्या किनाऱ्यांवर एकाच घराण्याचे जीव का? हा प्रश्न ज्याला पडला, तो माणूस योग्य वाटेवर होता.

त्याच सुमारास आपल्याकडे कोळशाचा शोध चालू होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ साली निघाली, तीच मुळात कोळशासाठी. वर्धा नदीच्या खोऱ्यात, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी या पट्ट्यात कोळसा आहे हे तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं तरी कळतं. पण कोळशाबरोबर जी काळपट पाटी निघते ना, पातळ थरांची, ती नीट उकलली तर आत कधी कधी पानाचा ठसा मिळतो. जिभेसारखं लांबट पान, मधे ठसठशीत शीर आणि दोन्ही बाजूंनी जाळीदार शिरा. पिंपळाच्या पानासारखं टोकाला शेपटीसारखं लांबलेलं नाही. हे ग्लॉसोप्टेरिस. आज जगात हे झाड कुठेच नाही. सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी आपल्या दलदलींत त्याची रानं होती आणि त्याच रानांचा कोळसा झाला. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात आज जे जळतं, ते बहुतेक याच झाडांचं आणि त्यांच्या सोबत्यांचं शरीर आहे.

आता नवल ऐका. हेच पान दक्षिण आफ्रिकेत सापडलं. ऑस्ट्रेलियात सापडलं. दक्षिण अमेरिकेत सापडलं. युरोपातल्या कोळशात मात्र त्याचा पत्ता नाही, तिथली झाडं निराळी. मग एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकानं १८८५ साली म्हटलं की, यांतले काही मुलूख पूर्वी एकच खंड होते, आणि त्या खंडाला नाव दिलं गोंडवनलँड. ते नाव आपल्या भागातून गेलं. सर्वेक्षणाचे मेडलिकॉट यांनी इथल्या कोळशाच्या खडकांना आधीच गोंडवन म्हटलं होतं. चांद्याचे, देवगडचे, गढा-मंडल्याचे गोंड राजे जिथे नांदले, तो हा मुलूख. अर्जेंटिनातला विद्यार्थी आजही भूगोल शिकताना गोंडांचं नाव घेतो. गडचिरोलीच्या विद्यापीठालाही २०११ पासून तेच नाव आहे.

झ्यूसलाही वाटत होतं की मधली जमीन बुडाली. त्याला मोठं आव्हान मिळालं ते १९१२ साली. त्या वर्षी जानेवारीत आल्फ्रेड व्हेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञानं भर सभेत सांगितलं की, बुडालं काही नाही, खंडच सरकले. लोकांनी त्याला उडवून लावलं. आणि त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होतं बघा. कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार दक्षिण ध्रुवावरून परत येत होते. थंडी, उपास, पायांना हिमदंश. वाटेत बिअर्डमोर हिमनदीपाशी त्यांनी दगड गोळा केले आणि स्लेजवर चढवले. ते कोणीच परतले नाहीत. शोधायला गेलेल्यांना त्यांचा तंबू सापडला आणि सामानात सुमारे सोळा किलो दगड सापडले. मरायला टेकलेल्या माणसांनी ते ओझं टाकलं नव्हतं. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पानं होती. बल्लारपूरच्या खाणीत निघतं तेच झाड, अंटार्क्टिकात.

थोरला म्हणाला, "मग आपल्याकडेही बर्फ होता का?" होता. त्याचा पुरावाही आपल्याच जिल्ह्यात आहे. पैनगंगेच्या काठी इरई गावाशी १८७० च्या दशकात फेडन या भूवैज्ञानिकाला खडकावर समांतर ओरखडे दिसले. वाहत्या पाण्यानं खडक गुळगुळीत होतो, ओरखडत नाही. हिमनदी सरकते तेव्हा तिच्या तळाशी अडकलेले धोंडे खालच्या खडकावर असे सरळ रेषांचे चरे पाडत जातात. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या वर जातो त्या चंद्रपुरात, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनदी होती! कारण आपण तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या जवळ होतो, गोंडवनाच्या पोटात. बर्फ वितळला, दलदल झाली, रानं उगवली, जमीन खचत गेली आणि गाळाखाली कोळसा मुरत गेला. वर्धा, प्राणहिता, गोदावरी आज ज्या वाटेनं वाहतात, ती वाट म्हणजे तेव्हाची खचलेली जमीन. खचलेल्या जागी गाळ साठतो आणि गाळात हाडं टिकतात. म्हणून तर आपल्या भागात इतकं काही सापडतं.

प्राणहितेच्या काठचं सापडलेलं फार मोठं आहे, पण ते मी आज थोडक्यात सांगतो. सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून तिथल्या खडकांना कोटा हेच नाव पडलंय, जगभरच्या पुस्तकांत. ते जुरासिक काळातले. नदीपलीकडे, आता तेलंगणात गेलेल्या पोचमपल्लीजवळ १९६० च्या आसपास प्रचंड हाडं निघाली. लांब मानेचा, झाडपाला खाणारा डायनोसॉर. १९७५ साली त्याचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून. तो सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आपल्या बाजूला, सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म पार्क आहे. तिथे दगड झालेली झाडाची खोडं बघायला मिळतात. त्या वेळी आपण बेट नव्हतो. आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, सगळे अजून एका अंगणात होते.

मग अंगण फुटलं. आधी आपण आणि मादागास्कर मिळून आफ्रिकेपासून सुटलो. मग अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियापासून. त्यानंतर, सुमारे आठ कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वी, मादागास्करचा हात सुटला. तिथून आपण एकटे. पृथ्वीचं वरचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं बनलेलं आहे आणि खालचा तप्त खडक फार मंद गतीनं सरकत असतो. त्या सरकण्यानं तुकडे ओढले जातात. इंद्रावतीवरचा डोंगा जसा धारेला लागला की आपसूक चालतो, तसे आपण उत्तरेकडे निघालो. वेग वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या वर. तुम्हाला कमी वाटेल, पण खंडांच्या चालीत ही धाव आहे.

शाळेत तुम्ही एखाद्या प्रांताचा भूगोल लिहिता ना, सीमा, हवामान, वनस्पती? तसा या बेटाचा लिहू. चारी बाजूंनी समुद्र. उत्तरेला टेथिस नावाचा समुद्र, आज तिथे हिमालय उभा आहे. चंद्रपूर आज विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांवर आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी साधारण तेवढ्याच अंशांवर दक्षिणेला होतं. हवा उष्ण, पाऊस कधी भरपूर तर कधी लांबलेला. वरोऱ्याकडे चिकणमातीचे सखल माळ, उथळ तळी, त्यांत कासवं, गोगलगायी, मासे. रानात शंकूच्या फळांची झाडं, ताड-माडाच्या जातीची झाडं, फुलणारी झाडं. आणि त्यांच्यामधून चालणारे मोठे रहिवासी.

त्या रहिवाशांचं गाव आजही आहे. वरोरा तालुक्यात पिसदुरा. शेजारी डोंगरगाव. पिसदुऱ्याचे जीवाश्म प्रथम जगापुढे आणणाऱ्यांत नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप होते, ज्यांच्या नावानं तिथे कॉलेज आहे. घोड्यावरून आणि पायी खेडी फिरून दगड जमवणारा हा माणूस १८६३ साली टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं बघून परतताना पुराच्या नाल्यात बुडाला. डोंगरगावला मिळालेल्या सांगाड्याचं वर्णन १९९७ मध्ये जैन आणि बंदोपाध्याय यांनी केलं. आज त्याला आयसिसॉरस म्हणतात, कोलकात्याच्या त्याच संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. पुढचे पाय लांब, मान उंच, अंग अवाढव्य.

पण मला त्या हाडांपेक्षा पिसदुऱ्याच्या शेतात सापडणारे गोळे जास्त आवडतात. तुम्ही ते धुऱ्यावर पडलेले पाहिले तर साधे दगडच समजाल. तपकिरी-राखाडी, लांबुळके, कुठे वळ्या पडलेले, हातात घेतले तर वजनदार. ते शेण आहे. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी चिखलात पडलं, गाळाखाली गाडलं गेलं आणि पाण्यातल्या खनिजांनी कणाकणानं त्याचा दगड केला. जीवाश्म विष्ठा. हसा, हसा. पण हाड सांगतं जनावर कसं होतं, आणि शेण सांगतं त्या दिवशी त्यानं काय खाल्लं.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोळ्यांच्या आत पाहिलं. हे कसं पाहतात, ते समजायला आपली बांधी पुरे. निंदण करताना धानाचं पातं बोटावरून ओढलं गेलं तर चीर पडते, हो की नाही? पातं इतकं मऊ, मग कापतं कसं? कारण धान जमिनीतून वाळूचं द्रव्य, सिलिका, पाण्याबरोबर ओढून घेतं आणि आपल्या पेशींत भरून ठेवतं. पान कुजलं, जळलं, जनावराच्या पोटातून गेलं, तरी ते सिलिकाचे सूक्ष्म कण नष्ट होत नाहीत. आणि प्रत्येक कुळाच्या कणाचा आकार वेगळा असतो. धान आणि त्याच्या नातलगांचा कण एका तऱ्हेचा, बांबूकडच्यांचा दुसऱ्या तऱ्हेचा. विष्ठेचा तुकडा घ्यायचा, रसायनांनी बाकीचं विरघळवायचं, उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि ओळख पटवायची.

त्या कणांत गवत निघालं. एक नाही, गवताचे निदान पाच प्रकार. २००५ साली हे छापून आलं तेव्हा जगभरचे तज्ज्ञ चकित झाले. तोवर समज असा होता की डायनोसॉर गेले आणि मग गवतं पसरली. जुन्या पुस्तकांतली चित्रं काढून बघा, डायनोसॉरच्या पायाखाली नेचे असतील, माती असेल, गवत नसेल. पिसदुऱ्यानं ती चित्रं बदलायला लावली. ज्याचं हे शेण, तो प्राणी गवत खात होता, ताडाची पानं खात होता, सूचिपर्णी झाडं खात होता. जे पुढ्यात येईल ते. २०११ मध्ये त्याच गटानं आणखी एक गोष्ट मांडली. त्या कणांत भाताच्या कुळातली गवतं आहेत. तुमच्या ताटातला भात तेव्हा नव्हता. त्याची लागवड माणसानं फार फार नंतर केली. पण त्याच्या घराण्यातले पूर्वज या बेटावर, वरोऱ्याच्या तळ्यांच्या काठी, वाऱ्यावर हलत होते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडे आज मालगुजारी तलावांच्या खाली जिथे नजर जाईल तिथे धान दिसतं. मला हे वाचून किती आनंद झाला होता, ते सांगता येत नाही.

आणि धानाकडे बारकाईनं बघणारा माणूसही आपल्याच जिल्ह्यातला. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे, अगदी थोड्या जमिनीचे शेतकरी. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग निराळा. त्यांनी त्या राखल्या, पुढच्या साली वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून जी जात तयार झाली तिला त्या काळी गाजलेल्या मनगटी घड्याळावरून एचएमटी म्हणू लागले. तुम्ही दुपारी तोच भात खाल्ला. दादाजी २०१८ मध्ये गेले. सूक्ष्मदर्शक त्यांच्याजवळ नव्हता; बघण्याची सवय मात्र तीच, प्रयोगशाळेतली.

बेटाचं पुढे काय झालं? आग लागली म्हणा. सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आगेमागे बेटाच्या पश्चिम भागात जमीन भेगाळली आणि लाव्हा वाहू लागला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, थरावर थर. आज झिजून उरलेला तो काळा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलखावर पसरलाय. महाराष्ट्रातला सह्याद्री त्याचाच. पूर्वेला येत येत तो वरोऱ्याच्या टेकड्यांवर पोचला आणि पिसदुऱ्याच्या चिखलावर झाकण बसलं. त्याच काळात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर मोठा उल्कापात झाला. डायनोसॉर संपले. बेट मात्र चालतच राहिलं, विषुववृत्त ओलांडलं, आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला येऊन भिडलं. टेथिसचा तळ चेपला, उचलला गेला. हिमालयात उंचावर समुद्री शंख सापडतात ते म्हणून.

बेट संपलं आणि दार उघडलं. आशियातून जनावरं आत आली. ताडोबाचा वाघ, ज्याला बघायला देशभरची माणसं येतात, तो इथला मूळ रहिवासी नाही. त्याचे पूर्वज उत्तरेकडून आले, आणि तेही बेटाच्या हिशेबानं अगदी काल. मूळचे बेटकरी शोधायचे तर खाली बघावं लागतं. केरळच्या सह्याद्रीत जांभळट रंगाचा, टोकदार नाकाचा एक बेडूक आहे. वर्षभर जमिनीत पुरलेला असतो, पावसाच्या तोंडाशी थोडे दिवस वर येतो. शास्त्राला त्याची नीट ओळख २००३ साली पटली. त्याचे सगळ्यांत जवळचे नातलग राहतात सेशल्सच्या बेटांवर, मधे महासागर. स्क्लेटरचं तेच कोडं, फक्त लेमूरच्या जागी बेडूक. पण आता उत्तर ठाऊक आहे. तो बेडूक पोहला नाही आणि त्याच्यासाठी कुठलं बेट बुडालं नाही. तो जमिनीत बसून राहिला, जमीन त्याला घेऊन आली.

तुम्हाला कधी पिसदुऱ्याला, वडधमला किंवा खाणीच्या कडेला असं पान, असा गोळा दिसला, तर उचलून दप्तरात टाकू नका. तो कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडलाय, यावरून त्याचं वय कळतं. घरी आणला की ती माहिती गेली. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना, बाईंना दाखवा.

"आबाजी, भिडल्यावर आपण थांबलो का?" थांबलो नाही. वेग कमी झाला, पण अजून वर्षाला पाचेक सेंटिमीटरनं आपण ईशान्येकडे सरकतोच आहोत, आणि त्या रेट्यानंच हिमालयात भूकंप होतात. उपग्रहांवरून हे मोजलेलं आहे. तू आता दुसरीत. बारावीला जाशील तोवर हे घर, मागची बांधी, इरईचं धरण आणि ताडोबातले सगळे वाघ मिळून अर्धा मीटर पुढे गेलेलो असू.